जलपर्णीतल्या मरळीसाठी रॉड

१२ जानेवारी २०२५, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पाहून मलाच लाज वाटते, पण डायरी माझी आहे, कोणाला दाखवायची नाही.

एकतीस वर्षं रसायनीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. माझ्या सहीशिवाय तिथून नटबोल्टसुद्धा बाहेर गेला नाही. चं. सो. रोकडे, आणि खाली दोन रेघा. दिवाळीत झटका आला. तोंड सरळ झालं, पाय आठ दिवसांत चालायला लागला, उजवा हात मात्र गेला. शुक्रवारी खालापूरला बँकेत गेलो होतो. डाव्या हाताने केलेली सही जुळेना. काउंटरवरची मुलगी चांगली होती, काका काका करत होती. काका म्हणतच तिने शाईचं पॅड पुढे सरकवलं.

दिला अंगठा. घरी येऊन तीनदा साबण लावला तरी निळा डाग राहिलाच.

आमच्या विहारात लग्नांची एक वही आहे. लग्न लागलं की दोन्हीकडचे बाप आणि नवरा-नवरी त्यात सही करतात. अठ्ठ्याऐंशी सालच्या पानावर माझ्या बापाचा अंगठा आहे आणि त्याच्या खाली माझी सही. आमच्या घरातली ती पहिली सही. बापाने त्या दिवशी वही हातात घेऊन सगळ्या मांडवाला दाखवली होती. आता माझ्या मुलीचं, मनालीचं लग्न ठरलंय, पनवेलच्या प्रणीतशी. त्याच वहीत मी अंगठा उठवायचा? नाही उठवणार. माझ्या भावाला बसवा माझ्या जागी. बायकोला, येसूला तसं स्पष्ट सांगितलं. मनाली ताटावरून उठून गेली.

मनाली कर्जतच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले हातपाय सोडवते. मलाही एक रबरी चेंडू दिला होता दाबायला. मी काय तान्हं पोर आहे? खिडकीतून भिरकावला. तेव्हापासून ती हाताचं नाव काढत नाही. बरं झालं, एक कटकट गेली.

१४ जानेवारी

धाऊ आला होता. लहानपणापासूनचा माझा मित्र, आयुष्य गावच्या तळ्यावर गळ टाकण्यात गेलं त्याचं. तळ्यात यंदा जलपर्णी इतकी माजलीय की पाणी दिसत नाही, आणि तिच्या खाली एक मोठी मरळ आहे म्हणाला. त्याचे तीन गळ तोडून नेले तिने. मी म्हटलं, चल, मी काढून दाखवतो.

धाऊ म्हणाला, "तू रं? तू आता काठावर बसून माशाचा वास घे. तुज्या हातून आता बेडूक पण नाय निघायचा."

संताप आला. इतकं लागट बोलणाऱ्या माणसाला येसूने चहा दिला आणि वर जाताना दोन भाकऱ्या बांधून दिल्या. या बाईला राग कुठे धरावा तेच कळत नाही.

मरळ काढणार म्हणजे काढणार.

१९ जानेवारी, रविवार

खरेदी माझ्या पद्धतीने केली. तीन ठिकाणी भाव विचारले आणि सगळ्यात स्वस्त माल घेतला. कारखान्यात एकतीस वर्षं हेच केलं, कधी फसलो नाही. नऊ फुटी रॉड आहे, एकात एक सरकून लहान होणारा. लांब काठी म्हणजे लांबवर गळ, हे शाळेतल्या पोराला कळतं. हलकाही इतका की डाव्या हाताने सहज उचलतो.

मनालीने पाहिला आणि म्हणाली, "छान आहे पप्पा." तिला यातलं काही कळत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून अख्खा गाव तळ्यावर आला होता. गळाला बेडूक लावला आणि जलपर्णीच्या कडेला सोडला. पाच मिनिटांत मरळीने घेतला, घेतला तो सरळ जलपर्णीच्या मुळांत घुसली. नऊ फुटी रॉड कमानीसारखा वाकला आणि मधोमध मोडला. दोरा तुटला. टोकाचा तुकडा मरळीबरोबर गेला आणि मी बुडखा धरून उभा. लोक हसले. धाऊ हसला नाही, त्याचा जास्त राग आला.

घरी येऊन झोपलो. जेवलो नाही. खरं लिहायचं तर रडलो. मेलेला हात घेऊन माणसाने घरात बसावं, तमाशा करू नये.

२ फेब्रुवारी, रविवार

मनालीने कर्जतला नेलं. मी येत नव्हतो. ती म्हणाली, "पप्पा, चूक मालाची होती, तुमची नाही. रिजेक्ट झालेला माल तुम्ही परत पाठवायचात ना?" हे पटलं.

दहिवलीच्या पुलाजवळ नवीन नावाच्या पोराचं दुकान आहे. फार्महाऊसवाल्यांसाठी मासेमारीचं सामान ठेवतो. त्याने तासभर समजावलं आणि मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मोकळ्या पाण्यातला रॉड वेगळा, गवतातला वेगळा. गवतात मासा दमेपर्यंत खेळवायला वेळच नसतो. एकदा का तो मुळांत शिरला की संपलं, म्हणून लागल्या क्षणी त्याचं तोंड वर आणायचं आणि ओढून काढायचं. त्यासाठी रॉड आखूड हवा, सात फुटांच्या आत. बुडाला जाड आणि ताठ, शेंड्याला थोडा नरम. दोरा नायलॉनचा नको, विणलेला हवा, तो ताणत नाही आणि जलपर्णीचे देठ कापत जातो. रील आडवं, रॉडच्या वर बसणारं, मूठ एकदा फिरवली की दोरा भरपूर गोळा करणारं. बेडूक रबराचा, त्याचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणजे गवतात अडकत नाहीत. खरा बेडूक मारायला नको हेही चांगलं.

रीलच्या मुठीवरून मात्र गंमत झाली. मी नवीनला म्हटलं, डाव्या हाताने फिरवायचं दे. तो "आहे ना काका" म्हणत वळला. मागे मनाली खोकली. तो तसाच थांबला आणि म्हणाला, "सॉरी काका, डाव्या हाताचं संपलंय." समोर फळीवर तीन खोकी दिसत होती. ज्याला आपल्या फळीवर काय आहे हे माहीत नाही तो धंदा काय करणार? माझ्या हाताखाली असता तर सरळ केला असता.

शेवटी उजव्या मुठीचं रील घ्यावं लागलं. मनाली म्हणाली, "डाव्याने रॉड धरायचा, तोच हात तुमचा जोरदार आहे. उजव्याने नुसती मूठ फिरवायची. जमेल तसं."

घरी आल्यावर तिने त्या बारक्या मुठीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. मूठ काकडीएवढी जाड झाली. "हातातून सटकायला नको," म्हणाली. कल्पना वाईट नाही.

९ फेब्रुवारी

अंगणात सराव. येसूने पेंढा पसरून दिला, जलपर्णी म्हणून. दोऱ्याला जुनी चप्पल बांधून ती पेंढ्यातून ओढायची. पहिल्या दिवशी मुठीवर बोटं टिकेनात, मनगटानेच ढकलत होतो. आज चौदा वेळा ओढली. चौदाचा आकडा मनालीनेच विचारला. रोज दवाखान्यातून आली की चपला काढायच्या आधी "आज किती वेळा?" मरळीची इतकी उत्सुकता तिला असेल असं वाटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

गुंता झाला. या आडव्या रीलचं असंच असतं, फेकताना अंगठ्याने चाक वेळेवर दाबलं नाही की दोरा स्वतःतच अडकतो. पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा झाला. मी कात्री मागितली तर मनालीने लपवून ठेवली. "महागाचा दोरा आहे, सोडवा." तिला म्हटलं, दोन हात लागतात याला. "मग लावा दोन," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

दोन तास लागले. डाव्याने गाठ सैल करायची, उजव्या हाताच्या दोन बोटांत टोक धरून ठेवायचं. घामाघूम झालो, पण एक इंचही दोरा कापला नाही.

२३ फेब्रुवारी

धाऊला आता अंगणात तमाशा बघायची सवय लागलीय. चपलेऐवजी विटेचा तुकडा बांधलाय. धाऊ त्या विटेवर पाय ठेवतो आणि म्हणतो, "वोड रं, मरळ काय हसत हसत येनार हाय?"

मनालीने माशाचा ताणकाटा आणलाय, अडकवून ओढला की किलो दाखवणारा. दोऱ्याचं टोक काट्याला, काटा खांबाला. मी मूठ फिरवायची, अगदी फिरेनाशी होईपर्यंत. काटा किती दाखवतो ते ती वहीच्या कागदावर लिहिते. दोरा किती ताण घेतो ते तपासायला हवं म्हणे. हे मला मनापासून आवडलं. मुलीत माझं रक्त आहे, माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही.

आज काटा एक किलोला थांबला. दोरा तर पन्नास पौंडाचा म्हणून विकला. नवीनला जाब विचारायला हवा.

९ मार्च, रविवार

तळ्यावर पहिल्यांदा नवा रॉड. रबरी बेडूक जलपर्णीवरून टुणटुण आणला आणि मरळ आलीसुद्धा. पाणी फुटलं तसा मी लगेच झटका मारला, बेडूक तिच्या तोंडातून मोकळाच परत आला. धाऊ म्हणाला, "दोन मोज आन मग मार. तिला खाऊ तरी दे."

मी हरलो असं वाटत नाही. रॉड उत्तम आहे. हे स्वतःला सांगायला बरं वाटतं.

मनाली-प्रणीतच्या लग्नाची तारीख पुन्हा पुढे गेली. आधी मार्च होता, आता म्हणे बघू. मी विचारलं तर म्हणाली, सुट्टी मिळत नाही. प्रणीतच्या घरचे समजूतदार म्हणून ठीक, दुसरे कोणी असते तर मोडलं असतं. मुलगी हुशार पण लग्नाच्या बाबतीत चंचल, हे बापालाच लिहावं लागतंय.

२३ मार्च

ताणकाटा आज सव्वादोन किलो. दर रविवारी मोजतो आम्ही. एक, सव्वा, दीड, दोन, सव्वादोन. मी स्टोअरमध्ये दोरखंड, पट्टे, साखळ्या सगळं हाताळलंय. माल वापरून कमजोर होतो. वापरून मजबूत होत जाणारा दोरा आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. नवीनवरचा राग गेला.

मुठीवरच्या ट्यूबच्या पट्ट्या मनाली एकेक काढतेय. उन्हाने रबर चिकट होतं म्हणे. मूठ आता मोठ्या खडूएवढी राहिलीय.

१४ एप्रिल

जयंती. आज मासे नाहीत. विहारात रांगोळी, दुपारी जेवणं, संध्याकाळी मिरवणूक. कपाटातली ती वही पाहिली. हात लावला नाही.

मिरवणुकीत माझ्या मनालीकडे सगळे बघत होते. पांढरी साडी, केसात काही नाही, आणि चालणं असं की रस्ता तिच्या बापाचा आहे. तिच्या आज्याला वरच्या आळीच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते. आज त्या घरांतल्या बायका तिच्याकडून गुडघे तपासून घेतात. अभिमान मावायला छाती कमी पडत होती.

२० एप्रिल

ताणकाटा साडेतीन. मनालीने आकडा लिहिला आणि कागद घडी करून कॅलेंडरमागे खोचला. मग एकदम म्हणाली, "पप्पा, अठरा मे चालेल ना लग्नाला?"

चार महिने ढकलली, आणि आज खांबाजवळ उभ्या उभ्या ठरवली. दोरा तपासताना हिला लग्न आठवलं. मी म्हटलं, चालेल. वहीवर काका सही करेल.

ती म्हणाली, "बघू."

४ मे, रविवार

काढली.

नीट लिहितो. सकाळी सात वाजता तळ्यावर गेलो. मी, धाऊ, मनाली, आणि बातमी लागून जमलेले पंधरा-वीस जण. वडाच्या बाजूला जलपर्णी सगळ्यात दाट, तिथेच बुडबुडे दिसले. बेडूक पलीकडे टाकला, थांबलो, मग हळूहळू आणला. पानांच्या फटीत पोचला तसं पाणी फुटलं. एक, दोन, आणि झटका.

रॉड वाकला तो शेंड्याकडे, बुडखा ताठच. असाच पाहिजे. मरळ खाली घुसायला बघत होती आणि मी मूठ फिरवत होतो. एका क्षणी जलपर्णीचा मोठा ढीग दोऱ्यावर आला, मूठ फिरेना. वाटलं बोटं सुटणार. धाऊ ओरडला, "सोडू नको रं चंदर." मी दात आवळले आणि फिरवली. एक फेरा, मग अर्धा, मग परत एक. ढिगासकट ओढत आणली काठाला, हिरव्या गवतात काळी ठिक्कर मरळ. तोंडाच्या कडेला माझा जानेवारीतला गळ अजून होता.

पावणेचार किलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाऊने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता बेडूक पन निगल तुज्या हातून." त्याचे डोळे ओले होते. म्हातारा झालाय, उन्हाचं सोसत नाही त्याला.

एकच खटकलं. सगळे मासा बघत होते, मनाली मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताकडे बघत होती. इतकी मोठी मरळ समोर, आणि हिने धड पाहिलीही नाही. मासेमारीची आवड असावी लागते.

येसूने कालवण केलं. धाऊने चार तुकड्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर मी दाराच्या मागे खडूने लिहिलं, ४ मे, पावणेचार किलो. खडू खाली ठेवायला गेलो तेव्हा पाहिलं, तो उजव्या हातात होता.

कोणाला सांगितलं नाही. भीती वाटली, सांगितलं तर जाईल.

५ मे

जुन्या चलनाच्या मागे सही करून पाहिली. 'चं' जमला. पुढचं ओघळलं.

११ मे

रोज शंभर वेळा, दार लावून. येसू विचारते आत काय करताव, मी म्हणतो रीलला तेल घालतोय. रेघा सरळ येत नाहीत. रेघांशिवाय माझी सही नाही.

१८ मे, रविवार

लग्न लागलं. त्रिशरण पंचशील झालं, हार घातले, आणि विहारातल्या कोंडीबाबांनी वही उघडली. भला माणूस, माझी गोष्ट त्यांना ठाऊक. रुमालाखाली झाकून शाईचं पॅड आणलं होतं, मला लाज वाटू नये म्हणून. माझा भाऊ पुढे आला. मी त्याला हाताने मागे सारलं.

पेन उजव्या हातात घेतला. चं. सो. रोकडे. मग पहिली रेघ. मग दुसरी. दुसरी शेवटाला थोडी खाली उतरली, पण आहे.

कोंडीबाबांनी रुमाल पॅडसकट खिशात घातला. मी वही उचलली आणि सगळ्यांना दाखवली. असं करायचं ठरवलं नव्हतं. बापाने केलं होतं, हात आपोआप वर गेला.

मनाली खूप रडली. सासरी जायचं म्हणजे मुली रडतातच. पण ही हसतही होती, आणि येसूही तशीच.

१९ मे

घर रिकामं वाटतंय. सकाळी धाऊ आला, त्यालाही तसलाच दोरा हवाय, वापरून मजबूत होणारा. नवीनला दाखवायला तपासणीचा कागद सापडतो का ते बघायला कॅलेंडर काढलं. कागद होता. मी आजवर खालची आकड्यांची बाजूच पाहिली होती. आज घडी उलगडली.

वर मनालीच्या अक्षरात लिहिलंय:

"पप्पा. उजवा हात, पकड. सुरुवात २३ फेब्रुवारी. ध्येय: विहाराच्या वहीत सही. लग्नाची तारीख: सही जमेल असं वाटेल तेव्हा."

खाली आकडे. एक, सव्वा, दीड. प्रत्येकासमोर बारीक अक्षरात: पट्टी एक कमी. आजही गुंता दोन्ही हातांनी सोडवला. आज चिडले नाहीत. शेवटच्या ओळीत, काल घाईत लिहिलेलं: "१८ मे. सही. दोन रेघांसकट."

धाऊला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "बेडूक नाय निघायचा, हे मी माज्या मनानं बोललो व्हतो काय? पोरीनं बोलायला लावलं. मला रातभर झोप नाय आली." येसू चुलीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते.

एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कुठल्या खणात काय आहे ते अंधारात सांगायचो. आणि माझ्या घरात, माझ्याच अंगणात चार महिने काय चाललंय ते मला कळलं नाही. नवीनच्या फळीवरची तीन खोकीही आता कळली.

मला राग यायला हवा होता. नाही आला. माझी मुलगी माझ्यापेक्षा चांगली स्टोअरकीपर आहे. काय कमी आहे ते तिने आधी पाहिलं, मग मागवलं, रोज मोजलं, आणि माल आल्याशिवाय लग्नाचं दार उघडलं नाही.

कारखान्यात पद्धत होती, माल पोचला की चलनाच्या तळाशी घेणाऱ्याने लिहून द्यायचं, नाहीतर काम पुरं झालं असं धरत नसत. कागदाच्या तळाशी जागा होती. उजव्या हाताने लिहिलं:

माल तपासून घेतला. पूर्ण मिळाला.
चं. सो. रोकडे

आणि दोन रेघा. या वेळी दुसरीही सरळ आली. कागद उद्या पनवेलला पाठवतो.